दाबून धरलेला जोड

हे घडलं तेव्हा घरात तीन जीव होते. माझी आई, मी आणि आमचा कुत्रा.

आई त्याबद्दल बोलत नाही. कुत्र्याला बोलता येत नाही.

राहिले मी.

या गोष्टीत कुणी दिसत नाही, कुणी किंचाळत नाही. ज्यांना तेच हवं असेल त्यांची निराशा होईल. पण जे लिहिते आहे ते घडलेलं आहे, त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही. उद्या कुणी हे सगळं खोटं ठरवलं, तर सगळ्यांत आधी मलाच बरं वाटेल.

जागा, ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगमधलं बेल पार्क. चर्चमागच्या गल्लीतलं आमचं विटांचं बैठं घर. वेळ, गेल्या जानेवारीतल्या एका शुक्रवारची संध्याकाळ. दिवसभर उत्तरेचा भाजणारा वारा सुटला होता. अंगणातल्या लिंबाच्या झाडाची पानं करपली होती...

पण आधी माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं.

आम्ही त्यांना ताता म्हणायचो. नाव फ्राने. तरुणपणी ते आणि आई क्रोएशियातल्या एका लहानशा बेटावरून इथे आले. आई, पेरिना, लोकरीच्या गिरणीत लागली. ताता मोटारींच्या कारखान्यात. तो कारखाना बंद पडला तेव्हा ताता बॅटऱ्या बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले, आणि तिथे उतारवयात त्यांना नवं वेड लागलं.

अल्ट्रासोनिक वेल्डिंगचं मशीन.

वर्कशॉपने जुनं मशीन मोडीत काढलं, तर ताता ते घरी घेऊन आले. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं.

"लोक म्हातारपणी कोंबड्या पाळतात," आई म्हणाली. "अंडी तरी मिळतात."

या मशीनचं काम थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं पटत नाही. वितळवून जोडायला गेलं, की मध्ये ठिसूळ थर तयार होतो आणि काचेसारखा तडकतो. म्हणून ते वितळवायचेच नाहीत. पातळ पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. खाली ऐरण, वरून एक दांडा. दांड्याने दाबायचं आणि तो इतक्या वेगाने थरथरवायचा, की डोळ्यांना जागचा हललेलाही दिसत नाही. पट्ट्या एकमेकींवर घासतात. वरचा मळ निघून जातो.

"आणि मग ती दोघं एकमेकांना धरतात," ताता म्हणायचे. "आग नाही, डिंक नाही. नुसता सहवास."

"मलाही याने असंच जोडलंय," आई स्वयंपाकघरातून ओरडायची. "पन्नास वर्षं घासतोय मेला! मळ अजून निघतोच आहे!"

"तू तांबं आहेस, पेरिना. तुला वेळ लागतो."

एक गोष्ट मात्र ताता कधी हसण्यावारी नेत नसत. ओळीत एक जोड झाला, की शेजारचा करताना पहिल्याला सांभाळावं लागतं. नव्याची थरथर जुन्यात शिरते आणि नुकतंच धरलेलं सोडवून टाकते. वरून काही कळत नाही. वर्कशॉपमध्ये त्यासाठी चिमटा होता, मशीनच तो लावायचं. घरच्या जुन्या मशीनला चिमटा नव्हता. ताता डाव्या अंगठ्याने आधीचा जोड दाबून धरायचे, उजव्या हाताने पुढची पट्टी बसवायचे आणि पायाने पेडल मारायचे.

त्या अंगठ्यावर तिरका व्रण होता. लहानपणी होडीच्या दोरखंडाने कापलेला.

थरथरीचा आवाज माणसाच्या कानापलीकडचा. आम्हाला ऐकू यायची ती फक्त पत्र्याची बारीक खरखर. पण आमचा केल्पी जातीचा काळा कुत्रा, गारो, त्याला सगळं ऐकू यायचं आणि ते सहन व्हायचं नाही. म्हणून मशीन सुरू करण्याआधी ताता त्याला सांगायचे, "गारो, पुढे!" मग तो घरातून चालत जाऊन पुढच्या ओसरीवर बसायचा. काम संपेपर्यंत हलायचा नाही.

आईच्या फुप्फुसांनी गेल्या काही वर्षांत हात टेकले. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते विजेवर चालतं, दिवसरात्र, धप्प... फुस्स... धप्प... फुस्स. नाकाशी लावलेली नळी लांब आहे, स्वयंपाकघरापर्यंत पुरते. शेडपर्यंत पुरत नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे वीज जाते. दवाखान्याने मोठा सिलिंडर दिला होता, तो आईने परत पाठवला. "उशाशी बॉम्ब घेऊन मी झोपणार नाही." विकतची बॅटरी तासाभरात मान टाकायची.

"मी बनवतो तुला," ताता म्हणाले. "अशी बनवतो, की सगळ्या गल्लीची वीज गेली तरी तू घोरत राहशील."

"मी घोरत नाही."

"त्याचीही सोय करतो."

ती बॅटरी अर्धी झाली होती.

नोव्हेंबरमधला रविवार. चर्च, जेवण, मग ताता शेडमध्ये गेले. दुपार उतरली तशी आईने हाका मारल्या. मग मला फोन केला. मी जवळच राहते, शाळेत ग्रंथपाल आहे, लग्न केलेलं नाही. कधीही हाक मारावी अशी मुलगी. मी आले तेव्हा गारो ओसरीवर बसला होता. शेपटीही हलवली नाही. त्याला अजून कुणी परत बोलावलं नव्हतं.

ताता स्टुलावर बसले होते. डोकं मशीनला टेकलेलं. पाय पेडलवरून निसटलेला.

डावा अंगठा शेवटच्या जोडावर होता. तो मला उचलावा लागला.

अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांनी थुई घरी आली. ती वर्कशॉपमध्ये तातांच्या शेजारच्या मशीनवर बसायची. लहानपणी व्हिएतनाममधून आलेली, माझ्याच वयाची. जिभेला धार, हात सोन्याचे.

"मास्तरीणबाई, शेडची किल्ली द्या," ती म्हणाली. "म्हाताऱ्याने अर्धं सोडलंय. मला झोप लागत नाहीये."

तिने हातमोजे घातले आणि तातांच्याच मशीनवर राहिलेले जोड पूर्ण केले. मी दाराशी उभी होते. सगळं झाल्यावर तिने प्रत्येक पट्टी स्पिरिटने पुसली, झाकण लावलं, खोका आईच्या पलंगाशेजारी आणून यंत्राला जोडला आणि भिंतीची वीज क्षणभर बंद करून पाहिली. हिरवा दिवा लागला.

आईने दिव्याकडे पाहिलं. "शेवटी पूर्ण केलंस म्हणायचं," ती म्हणाली. थुईला नव्हे.

मी सामान घेऊन आईकडे राहायला आले.

आणि मग ते सुरू झालं.

पहिल्यांदा माझ्या लक्षातही आलं नाही. कलत्या दुपारी मी कॉफी करत होते. गारो पायाशी झोपला होता. अचानक त्याने कान ताठ केले...

उठला. घरातून चालत गेला. पुढच्या ओसरीवर जाऊन बसला.

कुणी काही बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी शेड पाहून आले. कुलूप जसंच्या तसं. मशीनची वायर प्लगमधून काढलेली, त्यावर कोळ्याने जाळं धरलेलं.

सवय, मी मनाशी म्हटलं. कुत्र्यांना वेळ कळते. ताता याच वेळी शेडमध्ये जायचे.

मग एक दिवस आईसमोर कपात कॉफी ओतली. घट्ट, आमच्या पद्धतीची, गाळासकट. कप टेबलावर. टेबलाला कुणाचा हात नाही. गारो नुकताच ओसरीवर गेला होता. आणि कॉफीवर...

कॉफीवर काटा आला.

दुसरा शब्द सापडत नाही. थंडीने अंगावर येतो तसा. बारीक, सारखा, सगळीकडे एकदम. लाट नाही, हेलकावा नाही. आवाज तर अजिबात नाही. पण माझी खालची दाढ ठणकायला लागली, आतून, मुळाशी.

मी आईकडे पाहिलं. ती कपाकडे पाहत होती.

"पी," ती म्हणाली. "निवेल."

आता त्या शुक्रवारकडे येते.

ऊन अजून भिंतीवर होतं. सातचा सुमार असेल. आई पलंगावर, मी स्वयंपाकघरात. आणि वीज गेली.

फ्रीज गप्प झाला. पंखा गप्प झाला. यंत्र गप्प झालं.

धप्प... आणि पुढचं फुस्स आलंच नाही.

मी धावले. दाराशी पोचले तोच खोक्यावरचा दिवा लागला. हिरवा. यंत्राने श्वास घेतला. आईनेही घेतला.

"बघ," आई म्हणाली. "चालतंय."

मी भिंतीला टेकून खाली बसले. खरं सांगते, ताता गेल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणाने रडले. मग तोंड धुवायला गेले.

गारो स्वयंपाकघरात नव्हता.

ओसरीवर होता.

नळाखाली हात धरले होते तेव्हा आईचा आवाज ऐकू आला. हळू. आमच्या बेटाच्या बोलीत. ती बोली आई माझ्याशी बोलत नाही. ती फक्त तातांशी बोलायची.

"हो... हो रे. दमला असशील."

मग जरा वेळ काही नाही.

मग ती हसली.

मी दारात गेले. "कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही गं." तिचे गाल तापल्यासारखे लाल होते. खोलीत मी आणि ती. माझी दाढ ठणकत होती.

वीज बऱ्याच उशिरा आली. तोवर दिवा हिरवाच होता.

सकाळी थुईला फोन केला. एवढंच म्हटलं, की एकदा येऊन खोका तपासून जा. तिने आईचं यंत्र भिंतीच्या विजेवर ठेवलं, खोका स्वयंपाकघराच्या टेबलावर आणला, झाकणाचे स्क्रू काढले.

आणि एका पट्टीपाशी थबकली.



"काय?"

तिने खोका स्वतःकडे ओढला. आधीच्या दिवसाच्या वर्तमानपत्राचा कोपरा फाडला. ओळीतल्या मधल्या एका जोडावर तांब्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीमध्ये तो कागद सरकवला.

कागद पलीकडून बाहेर आला.

"हा सुटलाय," ती म्हणाली. "हा ताताचा शेवटचा जोड. आणि हा शेजारचा, माझा पहिला." तिने दोन्ही हात तोंडावर धरले. "मी दाबलं नाही. अगं, मला चिमट्याची सवय. तिकडे मशीनच दाबतं. मी माझा जोड केला आणि त्याचा सोडवला. माझ्या डोक्यातच आलं नाही!"

"पण काल तर चालली. कितीतरी वेळ."

"शक्य नाही."

"मी इथेच होते, थुई."

"मास्तरीणबाई, ही साखळी आहे. एक कडी सुटली की संपलं." तिने मीटर लावून दाखवलं. काटा पडून राहिला. "ही मेलेली आहे. आत्ता नव्हे. माझ्या हातूनच, त्याच दिवशी. दिवा लागला तेव्हा नुसत्या टेकलेल्या असतील, खोका पलंगालगत सरकवताना सुटल्या असतील. काल कशी चालेल?"

मग ती वाकली. खिडकीच्या उजेडात खोका तिरका केला.

सुटलेल्या जोडाजवळ, तांब्यावर, अंगठ्याचा ठसा होता. तांब्यावर बोट लागलं की काही दिवसांनी तो ठसा काळा पडतो. हा चांगला काळा होता. रेषान् रेषा दिसत होती.

मधून एक तिरकी रेघ गेलेली.

"मी पुसलं होतं," थुई म्हणाली. "स्पिरिटने. तू बघत होतीस."

मी बघत होते.

 थुईने शेड उघडली, कोळ्याचं जाळं झाडलं, सुटलेली पट्टी कापून नवी घेतली. मला म्हणाली, "इकडे ये. अंगठा ठेव. जोरात. मी सोड म्हणेपर्यंत काढू नकोस."

मी शेजारचा जोड दाबून धरला. तिने पेडल मारलं. थरथर अंगठ्यातून कोपरापर्यंत चढली. एका क्षणाचं काम. मग तिने पक्कड लावून नवी पट्टी ओढली. निघाली नाही.

"आता हत्ती बांध याला," थुई म्हणाली. डोळे मात्र पुसत होती.

त्यानंतर सगळं थांबलं.

गारो दुपारभर पायाशी झोपून राहू लागला. कॉफी कपात स्वस्थ राहू लागली. दातांच्या डॉक्टरने दाढ ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटलं. तातांचा जीव त्या जोडात अडकला होता, तो मोकळा झाला, अशी मी स्वतःची समजूत घातली. एवढी पुस्तकं वाचून अखेर मीही तेच मानलं, जे आमच्या बेटावरच्या म्हाताऱ्यांनी न वाचता मानलं असतं.

आई मात्र खंगायला लागली.

खायची नाही. केस विंचरू द्यायची नाही. एका दुपारी मी भोपळी मिरच्या भरून केल्या होत्या, तातांच्या आवडीच्या. तिने ताट सरकवलं.

"तुम्ही ते जोडलंत," ती म्हणाली.

"काय?"

"तू आणि ती पोरगी. जोडून टाकलंत. आता त्याला यायचं कारण उरलं नाही."

"आई, तो जोड सुटलेला होता. वीज गेली असती तर तू..."

"गेली होती की. मेले का मी?"

मी ताट उचललं.

फेब्रुवारीत पुन्हा तसाच वारा सुटला. मी शाळेतून आले तर आई उठून बसली होती. केस स्वतः विंचरलेले. निळा ब्लाऊज घातलेला. मला इतका आनंद झाला, की मी काही विचारलंच नाही. सूप केलं. तिने दोन वेळा मागून घेतलं.

संध्याकाळी वीज गेली.

यंत्र थांबलं. हिरवा दिवा लागला. यंत्र सुरू झालं.

पक्का जोड, मी मनात म्हटलं. हत्ती बांध.

मग माझ्या मागून नखांचा आवाज आला. फरशीवर, टक्, टक्, टक्...

गारो. पुढे ओसरीकडे निघाला होता.

माझी दाढ ठणकली.

मी खोलीत पाहिलं. पलंगाखाली कॉफीची बशी होती. बशीत चार स्क्रू. खोक्याचं झाकण नुसतं वर ठेवलेलं. आईच्या उशीखालून हॅम कापायच्या सुरीची मूठ दिसत होती.

मी झाकण उचललं.

नवी पट्टी उपटलेली होती. वर वळून उभी राहिलेली, उचकटलेल्या नखासारखी. खालच्या तांब्यापासून चांगली बोटभर दूर.

दिवा हिरवा होता. यंत्र चालू होतं. धप्प... फुस्स...

"आई. हे तू केलंस?"

"हो."

"कधी?"

"तू शाळेत होतीस तेव्हा. त्या पोरीने चांगलं जोडलं होतं हो. माझा हात भरून आला."

"तुला कळतंय का, हे बंद पडलं तर काय होईल?"

"पडलं का?"

ती माझ्याकडे बघतच नव्हती. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला बघत होती. तिकडे भिंत होती, आणि भिंतीवर उतरतं ऊन.

मी पुढे जे केलं ते विचार करून केलं नाही. ती पट्टी खाली वाकवली, तांब्यावर टेकवली आणि वर माझा डावा अंगठा दाबला. झटका बसण्याइतकी वीज त्यात नसते, ते थुईने सांगितलेलं होतं. मला एवढंच कळत होतं, की आईचा श्वास या जोडावर आहे. तो धरायचा असेल तर मी धरेन. दुसऱ्या कुणाच्या हाती नको.

पट्टी थरथरत होती. बारीक, मांजर गुरगुरतं तशी.

आणि मग माझ्या अंगठ्यावर दाब आला.

वरून.

रुंद. खरखरीत. माझ्या नखावर टेकलेला, आणि हळूहळू वजन वाढवणारा.

तो ढकलत नव्हता. बाजूला हो म्हणत नव्हता. नुसता दाबत होता. जेवढं लागतं तेवढंच, एक रती जास्त नाही. तो दाब मी जन्मभर पाहिला होता, ओळखायला मला वेळ लागला नाही. आणि खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला वाटलं, तातांनी मला धरलंय.

मग भीती वाटली.

कारण ताता नुसता अंगठा दाबून कधी बसले नव्हते. जुना जोड ते दाबून धरायचे ते पुढचा करायचा असायचा म्हणून. डावा हात इथे असला, की उजवा...

मी आईकडे पाहिलं.

तिचा हात पलंगाच्या पलीकडे हवेत उचललेला होता. कशावर टेकलेला नाही. बोटं अर्धी मिटलेली, कुणाच्या हातात हात द्यावा तशी. तळव्यावर काटा आला होता. कॉफीवर आला होता तसाच, बारीक, सारखा. तो मनगटावर चढत होता.

ती हसत होती.

यंत्राचा ठोका लांबला. धप्प...

...

"ताता," मी म्हटलं.  "ताता, तिला सोडा. एवढ्यात नको. माझं कुणी नाही हो."

बाहेर वारासुद्धा थांबल्यासारखा झाला.

अंगठ्यावरचा दाब तसाच होता. मग वाढला. नख पांढरं पडलं. मला वाटलं, हाड मोडणार.

मग तो उचलला गेला.

एकदम नाही. सावकाश. झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून हात काढून घ्यावा तसा.

फुस्स.

आईचा हात चादरीवर पडला. फ्रीज घुरघुरला, पंखा फिरायला लागला. वीज आली होती. खोक्यावरचा हिरवा दिवा विझला होता, आणि तो पुन्हा कधी लागला नाही.

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं.  मग म्हणाली,

"का सांगितलंस त्याला?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. घेतलाही नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात दवाखान्याचा सिलिंडर पुन्हा आला. या वेळी मी आईचं ऐकलं नाही. थुईने मशीन आणि तो खोका नेला. पट्टी उपटलेली पाहून तिने विचारलं, "हे कुणी केलं?" मी सांगितलं. माझ्या निळ्या पडलेल्या नखाकडे पाहून तिने ते कसं झालं ते विचारलं. तेही सांगितलं. थुई मशीन टेम्पोत चढवून निघून गेली. घरी पोचल्यावर तिने फोन करून एवढंच म्हटलं, "पेरिनाला एकटं सोडू नकोस."

आई अजून आहे. खाते, कोडी सोडवते, शेजारणीच्या नावाने बोटं मोडते. माझ्याशी नीट वागते. तातांचं नाव माझ्यासमोर काढत नाही.

मी योग्य केलं की नाही ते मला ठाऊक नाही. ते तिला सांभाळायला येत होते की न्यायला, हेही ठाऊक नाही. कदाचित त्यांच्या लेखी त्या दोन गोष्टी वेगळ्या नसतील.

फक्त एक आहे. ज्या सकाळी उत्तरेचा वारा सुटतो त्या सकाळी आई लवकर उठते. स्वतः केस विंचरते. मी शाळेला निघताना खिडकीपाशी बसलेली असते, आणि मागे न वळता विचारते...

"नेवा, आज वीज जाईल का गं?"

मी नाही म्हणते. आणि त्या दिवशी शाळेला जात नाही.